तेराव्याची तूर

माझ्या बायकोनं आयुष्यभर जे काम केलं, ते आम्ही तिच्या तेराव्याला खाल्लं. उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही. खरंच खाल्लं. पानापानात चमचा चमचा वाढलं, लोकांनी चवीनं खाल्लं, आणि भांडं घासून पालथं घातलं.

मी सातवी शिकलेला. कारखान्यात फिटर होतो, आता घरी बसलेला म्हातारा. लिहिणं हा माझा धंदा नाही. पण ती गेल्यावर युनिव्हर्सिटीतल्या तिच्या खात्यानं तिच्याबद्दल एक पान छापलं, ते वाचून माझं डोकं फिरलं. फोटो, पदव्या, परदेशात कुणी कुणी तिचं काम वापरलं, सगळं होतं. तुरीबद्दल एक ओळ. ती तूर आता कुठे आहे, याबद्दल ती पण नाही. म्हणून लिहायला बसलो. एकच सांगणं आहे, माझ्या बहिणीला हे कुणी वाचून दाखवू नका. का ते पुढे येईलच.

आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत शिपाई म्हणून बडोद्याला आले आणि इथलेच झाले. घराण्यात शिक्षणाची काही परंपरा नाही. तिला बघायला गेलो तेव्हा ती बारावी पास झालेली. वडील आजारी, त्यांना पोरीचं उरकून टाकायची घाई. तिनं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि उभ्या उभ्या विचारलं, लग्नानंतर शिकू देणार का? माझ्या आईनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "शीक बाई. नाहीतरी ह्याच्याशी बोलून तुझा दिवस कसा जायचा?" सगळे हसले. मी पण हसलो. आईचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग ती सायकल मारत सयाजीगंजला कॉलेजात जायची आणि मी कारखान्यात. ती एकेक परीक्षा पास होत गेली. झाडांचं शास्त्र शिकली, मग झाडांच्या पेशीच्या आतलं काहीतरी, मग डॉक्टर झाली. शेजारच्या म्हातारीनं तेव्हा ताप आला म्हणून तिच्याकडे गोळी मागितली होती. मूल झालं नाही. लोक म्हणाले शिक्षणापायी झालं नाही. हे म्हणणाऱ्यांची पोरं बारावीला ट्यूशन घ्यायला तिच्याकडेच यायची, आणि ती शिकवायची. मी तिच्या जागी असतो तर दारातून परत पाठवली असती.

तिचं काम काय होतं ते मला समजलं तेवढं सांगतो. कॉलेजात असताना त्यांना खंभातच्या आखाताकडच्या गावात झाडं बघायला नेलं होतं. तिकडे जमिनीत मीठ. एका शेतातली सगळी तूर जळून गेली होती, आणि बांधाजवळ चार-दोन झाडं हिरवीगार उभी. बाकीच्या पोरींनी तिथे फोटो काढले. हिनं त्या शेतकऱ्याकडून शेंगा मागून घेतल्या, ओढणीत बांधून आणल्या. पुढचं सगळं आयुष्य त्या ओढणीतून निघालं.

मी एकदा विचारलं, यात एवढं शोधायचं काय आहे? पोळ्या लाटत होती. म्हणाली, तुरीच्या कणाकणात एक लांबलचक लिखाण असतं. मीठ कसं सोसायचं ते त्यात कुठेतरी लिहिलेलं आहे. ती जागा मला सापडायला पाहिजे. मी म्हटलं, सापडली तर?

"तर नुसतं एक पान तपासून कळेल की हे रोप खाऱ्या जमिनीत जगणार का मरणार. आता मला खारं पाणी घालून शंभर रोपं मारावी लागतात, तेव्हा एक कळतं."

ती मेलेली रोपं मी बघितलीत. गच्चीवर तेलाच्या डब्यांत लावायची आणि मिठाचं पाणी घालायची. मला कसंतरी व्हायचं. घरचं माणूस रोज सकाळी उठून आपल्याच हातानं लावलेली झाडं मारतंय, हे काय बघणं झालं? पण जी जगायची त्यांची फुलं ती चिमट्यानं उघडायची, एकाचा पराग दुसऱ्याला लावायची, आणि वर मलमलची पिशवी बांधायची. नाहीतर मधमाशी येते आणि भलताच पराग आणून टाकते. त्या पिशव्या मी शिवायचो, आईच्या जुन्या मशीनवर. तिच्या शास्त्रात माझा हात एवढाच. त्याचा कुठे उल्लेख नाही, नसावाच, शिवणकाम आहे ते.

वर्षांमागून वर्षं गेली आणि तिला ती जागा सापडली. पेपर छापून आला. मी बघितलं तर तिच्या साहेबांचं नाव अगदी शेवटी. मी खूष झालो, म्हटलं बरं झालं, बसवलं त्याला मागे. ती म्हणाली, अहो, तिथे शेवटचं नाव मोठ्या माणसाचं असतं. आणि तिचं मध्ये, दोघातिघांच्यात दाबून बसवलेलं. साहेबानं एक रोप लावलं नव्हतं, एक मारलंही नव्हतं. असली पंगत मी दुसरीकडे कुठे बघितली नाही.

त्यानंतरचे पेपर तिचे स्वतःचे होते. तिला सापडलेल्या त्या जागेची खूण वापरून कुणी हरभऱ्यात शोधलं, कुणी मुगात. कुठकुठल्या देशांतून मेल यायचे. ती मला नकाशात देश दाखवायची. मी म्हणायचो, बरं, आणि आपल्या त्या शेतकऱ्याचं काय? तेव्हा ती नकाशा मिटायची.

कारण त्याचं काहीच नव्हतं. तूर तयार झाली होती, खाऱ्या मातीत उभी राहणारी. पण तिला वाण म्हणून मान्यता देणारी मोठी माणसं म्हणाली, चांगल्या जमिनीत दुसऱ्या तुरीचं पीक जास्त येतं, मग ही कशाला? अरे, चांगल्या जमिनीसाठी केली होती का ती? तिनं पुन्हा अर्ज केला, पुन्हा तेच. खात्यातले लोक म्हणायचे, मॅडम, बी काय करत बसता, पेपर काढा. ज्यांनी पेपर काढले ते वर चढले. ही दर पावसाळ्यात बी पेरून, पिकवून, ताजं करून ठेवत राहिली. बी जुनं झालं की उगवत नाही, पेपर जुना झाला तरी चालतो.

खात्यात बी ठेवायची एक थंड खोली होती. तिचं मशीन सुट्टीच्या दिवशी हमखास बंद पडायचं. म्हणून तिनं बियांचा दुसरा भाग घरी आणून ठेवला, आमच्या फ्रिजच्या खालच्या भाजीच्या खणात. कागदाच्या पाकिटांत, वर तिच्या अक्षरात काहीतरी आकडे. आमच्या फ्रिजच्या त्या खणात भाजी अशी कधी ठेवलीच नाही. टोमॅटो दारात, कोथिंबीर ओल्या फडक्यात माठाखाली. मला त्याची इतकी सवय झाली होती की दुसऱ्याच्या घरी त्या खणात वांगी बघितली की चुकल्यासारखं वाटायचं.

तिला पोटाचा आजार निघाला आणि सगळं फार लवकर झालं. दवाखान्यात तिचा एक विद्यार्थी यायचा. गुजराती, आता त्याच खात्यात मास्तर आहे. तिच्या हाताखाली राहून बोलण्यापुरतं मराठी शिकला होता, शिव्यांसकट. तिनं त्याला माझ्यासमोर सांगितलं, घरच्या खणातलं बी घेऊन जा, यंदा पेरायलाच पाहिजे. तो म्हणाला, हो मॅडम, या आठवड्यात येतो. त्याचा बढतीचा इंटरव्ह्यू होता. नाही आला. मी हे त्याच्या तोंडावर बोललोय, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

ती गेली. वासणा भागातल्या आमच्या घरात नातेवाईक भरले. मी दिवसांच्या कार्याला चांदोदला नदीवर गेलो होतो आणि घर बहिणीच्या हातात. बहीण नागरवाड्यात दिलेली. माझ्यापेक्षा लहान, आणि वहिनीवर तिचा फार जीव. वहिनी कॉलेजला जायची तेव्हा हिनं शाळा सोडून आमच्याकडे स्वयंपाक केलाय, आईचं दुखणं काढलंय. वहिनी डॉक्टर झाली तेव्हा अख्ख्या पोळीत, म्हणजे सगळ्या गल्लीत, पेढे हिनं वाटले होते.

आमच्यात तेराव्याला गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक पदार्थ करायचा असतो. नाही केला तर जीव घुटमळतो म्हणतात. आता माझ्या बायकोच्या आवडीचं काय, तर टोठा. टोठा म्हणजे अख्ख्या वाळलेल्या तुरीची झणझणीत उसळ, इथे थंडीत करतात, हिरवा लसूण घालून. ती गुजराती मैत्रिणींकडे खाऊन शिकली होती. दिवस उन्हाळ्याचे आणि तेराव्याला लसूण चालत नाही, तरी बहीण म्हणाली, वहिनीला टोठाच. बिनलसणाचा करू. आणि तिनं फ्रिज उघडला.

तिला काय दिसलं? खालच्या खणात अख्खी तूर, पाकिटं करून, निगुतीनं ठेवलेली. तिला वाटलं, वहिनीनं टोठ्यासाठीच साठवली असणार. कुणालाही वाटलं असतं. तिनं सगळी पाकिटं एका परातीत ओतली, बारीक सुरकुतलेले दाणे निवडून बाजूला काढले, बाकीची तूर रात्री भिजत घातली. सकाळी कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी शिजेना. बायका आत हसत होत्या, वहिनीची तूर वहिनीसारखी, लवकर ऐकायची नाही.

खात्यातले लोकही जेवायला होते. आधी खात्यात शोकसभा झाली होती. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. तिला आयुष्यभर आडवे गेलेले साहेब उठले आणि तिच्या कामाचा जगात किती ठिकाणी दाखला दिला गेला, तो आकडा वाचून दाखवला. टाळ्या वाजवायच्या का नाही, लोकांना कळेना. मी शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याला विचारलं, दाखला म्हणजे काय रे? तो म्हणाला, दुसरे लोक पेपर लिहितात ना काका, त्यांच्या शेवटी बारीक अक्षरात मॅडमचं नाव येतं. मी म्हटलं, पुन्हा शेवटी? तो म्हणाला, हे शेवटचं वेगळं.

तर ते सगळे जेवायला बसले. साहेब म्हणाले, टोठा सरस. विद्यार्थ्यानं दोनदा वाढून घेतला. मीही चमचाभर खाल्ला. चव आठवायचा मी फार प्रयत्न केलाय. आठवत नाही.

चार-पाच दिवसांनी तो विद्यार्थी स्कूटर घेऊन आला. चेहरा उजळलेला. बाहेरच्या एका मोठ्या शेतकी संस्थेनं बी मागितलं होतं. खाऱ्या पट्ट्यात, खऱ्या शेतात लावून बघणार होते. जे ती मागत मागत म्हातारी झाली, ते ती गेल्यावर आलं. खात्यातली थंड खोली उन्हाळ्यात पुन्हा बंद पडली होती आणि तिथलं बी भाजल्यासारखं झालं होतं, रुजवून बघितलं तर एक कोंब नाही. "पण घरी आहे ना काका, म्हणून निवांत आहे," म्हणाला.

आम्ही दोघांनी मिळून फ्रिज उघडला. खण धुवून पुसून लख्ख केलेला, आणि त्यात कोथिंबिरीची जुडी.

मी बहिणीला फोन लावला. आवाज जमेल तेवढा साधा ठेवून विचारलं, खालच्या खणात तूर होती, ती काय केलीस? ती म्हणाली, "अरे, टोठा केला ना दादा. विसरलास? सगळ्यांना केवढा आवडला." मी म्हटलं, हो हो. सगळी? म्हणाली, सगळी, सुरकुतलेली निघाली तेवढी गच्चीवर पाखरांना टाकली. मी फोन ठेवला.

तो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "तू दोनदा घेतलास."

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिथेच फ्रिजसमोर फरशीवर बसला. दार उघडं, गार हवा अंगावर येतेय. मग म्हणाला, पेपर आहे काका, सगळी माहिती जगासमोर आहे, काम काही जात नाही.

"पेर मग पेपर," मी म्हटलं. "बघू किती शेंगा येतात."

तो रडला. मला तेव्हा त्याची दया आली नाही. आता लिहिताना थोडी येते.

बहिणीला मी काही सांगितलं नाही. एरवी मी कुणाचं ठेवून घेणारा माणूस नाही. त्या साहेबाला मी त्याच्या केबिनमध्ये जाऊन सांगून आलो की तुम्ही जे चाटून पुसून खाल्लंत ते काय होतं. त्यानं पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. मला बरं वाटलं. पण बहीण दर वेळी फोनवर म्हणायची, दादा, वहिनीच्या मनासारखं झालं हो सगळं. तिला काय सांगू?

गच्चीवर गेलो तेव्हा पाखरांनी मागे काही ठेवलं नव्हतं. पण पाऊस सुरू झाल्यावर डब्यांच्या कडेला, जुन्या मातीत, तुरीची रोपं वर आली. मुठीत मावतील एवढीच. मी विद्यार्थ्याला बोलावलं. तो धावत आला आणि बघून पुन्हा पडेल चेहरा करून उभा राहिला. कारण आमच्या गच्चीवर आजूबाजूच्या बायका वर्षानुवर्षं वाळवण घालतात, बाजारची तूर सुद्धा. ही रोपं हिच्या बियांची का बाजारच्या, कुणी सांगायचं?

मी म्हटलं, मिठाचं पाणी घालू. तो म्हणाला, घातलं आणि मेली तर? मग मला पोळ्या लाटताना तिनं काय सांगितलं होतं ते आठवलं. त्याला माझ्याआधी आठवलं असणार, तो खिशातून चिमटा काढत होता. प्रत्येक रोपाचं एक कोवळं पान त्यानं घेतलं, बर्फात घातलं, डब्यांवर खडूनं खुणा केल्या आणि गेला. दोन दिवस मी गच्चीवरच खुर्ची टाकून बसलो. कबुतरांना हाकलत. कबुतरांना एवढ्या शिव्या बडोद्यात कुणी दिल्या नसतील.

त्याचा फोन आला. म्हणाला, काका, एकच. जिन्याकडच्या डब्यातलं. बाकीची बाजारची.

मी विचारलं, नक्की का? तो म्हणाला, मॅडमनी शोधलेली खूण आहे ती, तिच्यात चूक नाही.

एवढ्या सगळ्यात हे एक मला तिच्या पेपरबद्दल कबूल करावं लागलं. त्या बारीक अक्षरांमुळेच ते एक झाड आम्ही ओळखलं. पण एक. सगळ्या पाकिटांतलं, सगळ्या पावसाळ्यांतलं एक, तेही बहिणीनं सुरकुतलेलं म्हणून बाजूला काढलेलं. ती बी मागणारी संस्था म्हणाली, बी झालं की कळवा, पुढच्या वर्षी बघू.

तो म्हणाला, खात्यात नेऊया. मी म्हटलं, तुमच्या खोलीचं मशीन आधी नीट करा, मग बोला. झाड इथेच राहील, तू इथे ये. तेव्हापासून दर रविवारी येतो, मातीत बोट घालून बघतो, फुलं मोजतो. मी त्याला अजून दोनदा वाढून घेतल्याचे टोमणे मारतो. तो म्हणतो, "काका, बस करो हवे," म्हणजे आता पुरे. आईचं शिवणाचं मशीन काढून मी पुन्हा मलमलच्या पिशव्या शिवल्या. नजर अधू झाली आहे, टाके वाकडे येतात. मधमाशीला आत शिरता येत नाही एवढे बरे आहेत.

थंडीत शेंगा भरल्या. एका रविवारी बहीण आली, गुडघे धरत गच्चीवर चढली. विद्यार्थी झाडाला पाणी घालत होता. तिनं पिशवीवरून शेंग चाचपली, आतले ओले दाणे बोटांना लागले, आणि तोंडभर हसली.

"दादा, लिलवा भरल्या की रे. कचोरी करू?"

"हात लावू नकोस."

"का रे?"

"तिच्या आहेत. बियाणं आहे ते."

तिनं हात मागे घेतला. पिशवीकडे बघत राहिली, वहिनीच्या कागदी पाकिटांएवढीच ती पिशवी. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, ती फ्रिजमधली होती... ती बियाणं नव्हती ना?"

पाणी घालायचं थांबलं. तो माझ्याकडे बघत होता. लग्नात, कारखान्यात, स्मशानात, मी कुठे जिभेला आवर घातला नाही. बायको म्हणायची, तुम्हाला एक खोटं नीट बोलता आलं असतं तर आपण सुखी झालो असतो.

"नाही गं," मी म्हटलं. "ती टोठ्याचीच होती. तिनंच आणून ठेवली होती."

बहीण त्याच्याकडे वळली, शिकलेल्या माणसाकडून खात्री करून घ्यावी तशी.

"मस्त झाला होता, बेन," तो म्हणाला. "मी दोनदा घेतला."

तिनं मान हलवली आणि चहा टाकायला खाली गेली. आम्ही दोघं पिशव्यांच्या गाठी एकेक करून तपासत राहिलो.